लेकराला कुठे घालावे?

काल्याचे कीर्तन आटोपून प्रसाद वाटून झाला, म्हणजे कीर्तनकाराजवळ चार माणसे येऊन बसतात. कुणी घरातले दुखणे सांगतो, कुणी भावकीचा तंटा, कुणी मुलीच्या सोयरिकीचे विचारतो. अलीकडे मात्र एक प्रश्न सर्वांच्या पुढे असतो. दहावीचा निकाल लागला की तो गावोगावी ऐकू येतो : ‘महाराज, लेकराला कुठं घालावं?’

गेल्या वर्षी आमच्या पुसेगावजवळच्या एका गावी सप्ताह होता. तेथे एक माळकरी शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आला. बरोबर त्याची म्हातारी आई होती. जमीन तीन एकर, कोरडवाहू. सोयाबीन आणि थोडी तूर. मुलाला दहावीला बासष्ट टक्के पडलेले. बाप म्हणाला, ‘मास्तर म्हणतात अकरावीला घाला, पुढं बी.ए. होईल. भाऊ म्हणतो आयटीआयला घाला, दोन वर्षांत हाताला काम लागंल. तुम्ही सांगाल तसं करतो.’

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ‘आयटीआयला घाला. पदव्या घेऊन पोरं पारावर बसलीत. हातात कसब असलं म्हणजे माणूस उपाशी मरत नाही. नामदेवराय शिंपी होते, गोरोबाकाका कुंभार होते, सावतोबा माळी होते. कामात कसला आलाय कमीपणा?’ बोलणे बरे जमले असे माझे मलाच वाटले. तासाभरापूर्वी कीर्तनातही हेच बोललो होतो आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या.

म्हातारी इतका वेळ गप्प होती. तिने पदर सावरला आणि विचारले, ‘तुमचा धाकटा कुठं असतो महाराज?’

माझा धाकटा पुण्यास असतो. एम.ए. झाला आहे. सहा वर्षे झाली, चौघांत एक खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. हे मी म्हातारीला सांगितले. ती म्हणाली, ‘बरं हाय, शिकू द्या,’ आणि पाया पडून उठली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला तो अजून गेलेला नाही. तिच्या नातवाला मी एका श्वासात कारखान्याची वाट दाखवली. माझ्या मुलाला ती कधी दाखवली होती काय? नाही. मग मी तिला सांगितले ते ज्ञान होते की नुसते कीर्तन होते? या प्रश्नाचा नीट विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहे. वाचक माऊलींनी तो आपलाच समजून वाचावा.

प्रथम माझ्या स्वतःच्या विद्येविषयी. मी विद्यापीठात शिकलो नाही आणि कारखान्यातही शिकलो नाही. लहानपणी पाठशाळेत घातले गेलो. अमरकोश, लघुकौमुदी, तर्कसंग्रह, पुढे काही उपनिषदे, असा अभ्यास झाला. त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी या प्रश्नाला थेट लागू पडतात. दोन्ही मी शेकडो वेळा म्हटल्या, पण त्यांचा अर्थ या वयात कळला.

पहिली गोष्ट मुंडकोपनिषदातली. शौनक अंगिरस ऋषींना विचारतो आणि ऋषी सांगतात की विद्या दोन, एक परा आणि एक अपरा. ज्या विद्येने अक्षर ब्रह्म कळते ती परा. आणि अपरा विद्येच्या यादीत काय काय आहे? चारही वेद आहेत, व्याकरण आहे, निरुक्त आहे, छंद आहे, ज्योतिष आहे. पाठशाळेत आम्ही ज्यावर बारा वर्षे घालवली ते सगळेच खालच्या पायरीवर! आता या न्यायाने पाहा. वेदसुद्धा अपरा विद्या असतील, तर बी.ए.ची पदवी आणि वेल्डरचे प्रमाणपत्र या दोहोंत थोरली कोणती, हे भांडण कोणत्या पायरीवरचे? दोन्ही एकाच फळीवरच्या वस्तू आहेत. दोन्ही प्रपंचाच्या कामाच्या, दोन्ही हव्यात, आणि दोहोंनीही माणूस मोक्षाला जात नाही. पदवीधराने ताठ मानेने कारागिराकडे पाहावे असे शास्त्रात काही नाही.

पण दुसरी गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती लपवणे हे पाप होईल. अमरकोशात शब्दांचे वर्ग पाडलेले आहेत. कारू, शिल्पी, कुंभार, विणकर, सुतार, लोहार हे सर्व शब्द कोणत्या वर्गात आहेत? शूद्रवर्गात. आठ-नऊ वर्षांचे आम्ही पोरे घोकून घोकून ते म्हणत होतो. हात चालवणारा माणूस कोणत्या रांगेत बसतो हे आमच्या जिभेवर चढले, ते डोक्यात कधी उतरले हे कळलेही नाही. उपनिषदाने जे शिकवले ते पाठ झाले. कोशाने जे शिकवले ते अंगात मुरले. आज मी कीर्तनात गोरोबाकाकांची थोरवी गातो आणि घरी मुलाला म्हणतो, ‘नीट अभ्यास कर, नाहीतर पान्हे धरावे लागतील.’ यात दोष कोशाचा किती आणि माझा किती, ते पांडुरंग जाणे.

आता आपल्या भागातली हकीकत पाहू. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत निघाले, त्याचे माध्यम उर्दू. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या मुलाला पदवी हवी असेल तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि शेतकऱ्याच्या मुलाला ते स्वप्नातही शक्य नव्हते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि आमचा हिंगोलीचा भाग त्याच्या कक्षेत आला.

योगायोग असा की, ज्या १९५० साली बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, त्याच साली भारत सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली. आज आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या संस्था या योजनेतून उभ्या राहिल्या. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, म्हणजे कारखान्याने शिकाऊ मुलाला विद्यावेतन देऊन शिकवावे अशी सोय झाली. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन्ही वाटा एकाच वेळी फुटल्या. मग एक वाट थोर आणि एक हलकी हे कुणी ठरवले? सरकारच्या कागदावर तसे कुठे लिहिलेले नाही. ते आपण ठरवले.

यावर दोन पक्ष आहेत. दोघांचेही म्हणणे पुरे ऐकले पाहिजे.

पहिला पक्ष म्हणतो की, पदवी आता पोटाला पुरत नाही. याला उत्तर नाही, कारण डोळ्यांसमोर आहे. सरकारची श्रमशक्तीची पाहणी होते, तिच्यात दिसते की, पदवीधरांतील बेकारी निरक्षरांहून कितीतरी जास्त. मात्र या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा. निरक्षराला बेकार राहणे परवडतच नाही. तो सकाळी मिळेल त्या कामावर जातो. तो बेकार नसतो, गरीब असतो. पदवीधर थांबू शकतो, कारण घरी बाप राबतो आहे. माझा मुलगा सहा वर्षे थांबला तो माझ्या कीर्तनाच्या बिदागीवर. तीन एकरवाल्याच्या मुलाला सहा वर्षे कोण देणार? आणि वर्ष वाढते तसे वय वाढते, मनात खंत साठते, घरी यायला तोंड होत नाही. दिवाळीला गावी आलेले पोर चारचौघांत जायचे टाळते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. हा पक्ष म्हणतो की, यापेक्षा हाती पान्हा बरा. म्हणणे खरे आहे.

या पक्षाचे आणखी एक म्हणणे मला विशेष पटते. हस्तविद्येत खोटे चालत नाही. आमच्या भागात मोटार जळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारा. हळद उभी आहे, पाण्याची पाळी आली आहे, आणि विहिरीवरची मोटार धूर टाकून बंद पडली. ती काढून हिंगोलीला न्यायची, भरून आणायची. भरणारा मुलगा जुनी तार काढतो, वेढे मोजतो, तितक्याच जाडीची तांब्याची तार तितक्याच वेढ्यांनी घालतो, मध्ये कागद घालतो, वार्निश देऊन वाळवतो. मोटार चालू केली की पाच मिनिटांत निकाल लागतो. पाणी आले तर पास, नाही आले तर नापास. तेथे गाईड वाचून पास होता येत नाही, वशिला लावता येत नाही. कुंभाराच्या मडक्याचेही तसेच. थापटण्याने वाजवले की पक्के कोणते, कच्चे कोणते, ते लगेच कळते.

हे थापटणे म्हटले की आपल्या सर्वांना एक कथा आठवते. आमचा जिल्हा नामदेवरायांचा. नर्सी आमच्या जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. कथा अशी सांगतात की, संतमंडळी जमली असता मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारले, यांतली पक्की मडकी कोणती? काकांनी हातातल्या थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थाप मारली. बाकीचे शांत बसले. नामदेवरायांना राग आला. काका म्हणाले, एवढे मडके कच्चे आहे. एका शिंप्याची परीक्षा एका कुंभाराने आपल्या हत्याराने घेतली. साक्षात पांडुरंगाशी बोलणारा भक्त तेथे नापास झाला! पदवीचा अभिमान धरणाऱ्याने ही कथा रोज आठवावी.

पण, माऊली, कीर्तनात आपण येथेच थांबतो, आणि पुढचे विसरतो. नामदेवराय नापास झाल्यावर कुठे गेले? आणखी कपडे शिवत बसले काय? नाही. ते औंढ्याला गेले, नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे. तेथे त्यांनी ज्ञान घेतले, गुरू केला. म्हणजे थापटण्याने कच्चेपणा दाखवला. पक्के व्हायला मात्र हाताच्या कामापलीकडचे ज्ञान लागले. शिंप्याने शिंपीच राहावे, त्याला पुढचे कशाला, असे कुणी म्हटले असते तर नामदेवराय पंजाबपर्यंत पोचलेच नसते. येथून दुसरा पक्ष सुरू होतो.

दुसरा पक्ष म्हणतो की, विद्यापीठ नोकरीसाठी नसून माणसाला मान वर करून जगता यावे म्हणून आहे. हे म्हणणे ज्यांच्या मुखातून येते, त्यांनी फार सोसलेले आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर पैसा घालते आणि तो पैसा ज्याच्या घामातून येतो त्या रयतेच्या लेकरांना साधी शाळाही नाही, अशी त्यांची तक्रार होती. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनची डी.एस्सी. मिळवली. त्यांना कुणी ‘बाबा, हाताचे काम शीक, त्यातच थोरवी आहे’ असे सांगून थांबवले असते, तर देशाची राज्यघटना कुणी लिहिली असती? मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव द्यावे असा ठराव १९७८ साली झाला, नाव प्रत्यक्ष लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत आपल्याच गावांत घरे जळली, माणसे मेली. विद्यापीठ ही नुसती पोटाची सोय असती, तर त्याच्या नावासाठी माणसांनी प्राण दिले असते काय? त्या दारातून आत जाणे म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या उंबऱ्याबाहेरून आत येणे होते.

आणि आम्ही वारकऱ्यांनी तर हे अधिक जाणले पाहिजे. चोखोबारायांनी काम केले नाही काय? मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करता करता, भिंत कोसळून, तिच्याखाली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कष्टाची थोरवी आपण इतकी शतके गातो. पण पंढरीच्या देवळाचे दार त्यांच्या लेकरांना केव्हा उघडले? १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. कष्टाचे गोडवे गाऊन दार उघडत नाही, हे आपल्याच देवळाच्या पायरीवर लिहिलेले आहे.

मद्रास प्रांतातली एक हकीकतही येथे सांगण्यासारखी आहे. १९५३ साली तेथील मुख्यमंत्री राजाजी यांनी अशी योजना आणली की, लहान मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरी वडिलांचा धंदा शिकावा. राजाजी विद्वान, सात्त्विक, गीतेचे अभ्यासक. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण लोक म्हणाले, हे कुलशिक्षण आहे. न्हाव्याच्या मुलाने न्हावी व्हावे, परटाच्या मुलाने परीट, आणि वकिलाच्या मुलाने वकील. एवढा क्षोभ झाला की, १९५४ साली राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले आणि योजनाही गेली. हाताचे काम थोर खरे. पण ते जन्माने गळ्यात पडले तर बेडी होते, निवडून घेतले तर विद्या होते. लोखंड तेच असते.

मुलींच्या बाबतीत हे आपण रोज करतो. मुलगी गणितात हुशार, पण घरची गरिबी दिसली की सल्ला तयार : ‘शिवणक्लासला घाला.’ शिवणकाम नामदेवरायांचे, त्याला कोण नावे ठेवील? पण त्या मुलीने ते मागितले होते काय?

असे दोन्ही पक्ष बलवान आहेत. आता माझे मन कुठे येऊन ठरले ते सांगतो. पण त्याआधी आणखी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्यावाचून पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला एक स्थळ आले. मुलगा माळकरी, निर्व्यसनी, स्वतःचे वेल्डिंगचे दुकान. हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम बनवतो आणि दुरुस्त करतो. माघ-फाल्गुनात हळद निघते तेव्हा त्याला जेवायला वेळ नसतो. घर पक्के, देणे कुणाचे नाही. बैठकीत भावाने माझ्याकडे पाहिले. घरातला वडीलधारा मी. मी म्हणालो, ‘स्थळ चांगलं आहे, पण नोकरीचं पाहू.’ एवढेच. पुतणी दाराआड उभी होती. तिला कुणी विचारले नाही. पुढे नोकरीचे स्थळ मिळाले, ती सुखात आहे, त्याविषयी काही म्हणणे नाही. पण गेल्या फाल्गुनात आमच्या शेतात हळद शिजत असता कुकरचा सांधा सुटला. वाफ फुसफुसू लागली, गडी लांब पळाले. बोलावणे गेले, आणि तोच मुलगा आला. त्याने आधी जाळ काढायला लावला, वाफ सोडली, कुकर निवू दिला. घाई करणाऱ्या माझ्या भावाला शांतपणे थांबवले. मग सांधा घासला, टाका मारला, पाणी भरून गळते का ते पाहिले. पैसे वाजवी घेतले. जाताना माझ्या पाया पडला, कारण मी कीर्तनकार. मी त्याला ‘माऊली’ म्हटले. माऊली म्हणताना जीभ अडखळली. ज्याला मी घरात जावई म्हणून उभे केले नाही, त्याला वाटेवर माऊली म्हणतो आहे!

वनपर्वात कौशिक ब्राह्मणाची कथा आहे. तपाचा मोठा गर्व झालेला कौशिक धर्म शिकायला मिथिलेस जातो, आणि त्याला धर्म सांगणारा भेटतो तो मांस विकणारा व्याध. ही कथा मी सांगतो तेव्हा कौशिकाला हसतो. त्या दिवशी कळले की कौशिक निदान दुकानासमोर उभा तरी राहिला होता. मी बैठकीतूनच परत फिरलो होतो.

तर माझे म्हणणे असे. विद्यापीठ की कारखाना, हा प्रश्न पुढे ठेवताना आपण तो मुलापुढे ठेवीत नाही, मुलाच्या बापाच्या ऐपतीपुढे आणि जातीपुढे ठेवतो. खोट येथे आहे. म्हणून सल्ला देणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला एक गोष्ट विचारावी : हे मी माझ्या लेकराला सांगितले असते काय? त्या घरी माझी लेक दिली असती काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो सल्ला आपल्या जिभेवरच ठेवावा. ज्या कामाला आपण मान देत नाही, ते काम दुसऱ्याच्या मुलाला थोर म्हणून सांगणे ही वंचना आहे. मग मुखी संतांची नावे का असेनात.

कुणी म्हणेल, महाराज, हे झाले सल्ला देणाऱ्याचे. पण लेकरू तर दारात उभे आहे, त्याने काय करावे? त्यालाही उत्तर दिले पाहिजे.

मुलाला विचारावे, आणि विचारताना त्याचे हात आणि डोळे दोन्ही पाहावेत. काही मुले पुस्तक हातात पडले की भूक विसरतात. घर गहाण पडले तरी त्यांना विद्यापीठात घालावे, शिष्यवृत्ती शोधावी, गावाने वर्गणी काढावी. सप्ताहाला गाव लाख रुपये जमवते; एका लेकराच्या शिक्षणाला जमवले तर पांडुरंग रागावणार नाही. काही मुले सायकल उघडून पुन्हा जोडतात. त्यांना तीन वर्षे बाकावर बसवून पदवी घ्यायला लावणे म्हणजे माशाला झाडावर चढवणे. आणि बहुतेक मुले दोन्हींच्या मधली असतात. त्यांना एवढेच सांगावे की, एक दार उघडले म्हणून दुसरे बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आपल्या राज्यात आहे. पॉलिटेक्निक झालेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. ही शिडी आहे, पण खेड्यात ती फार थोड्यांना ठाऊक आहे. जर्मनीत तर कारागिराची ‘मास्टर’ची परीक्षा पदवीच्या बरोबरीची धरतात. मुक्त विद्यापीठातून काम करता करता बी.ए.ही होता येते. ज्याला पोटाची घाई आहे त्याने आधी हात भरावा आणि मग डोके भरावे. पण डोके भरायचे सोडू नये.

कारण नुसता हातही पुरत नाही. मोटार भरणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण मोटार जळाली का, हे सांगणारा एखादाच. तीन फेजांपैकी एक फेज गेली, मोटार दोनवरच ओढत राहिली, तारेतून जास्त प्रवाह गेला आणि ती तापून जळाली. हे ज्याला कळते तो शेतकऱ्याला सांगतो, ‘काका, आधी स्टार्टर दुरुस्त करा, नाहीतर परवा पुन्हा याल.’ ज्याला कळत नाही तो परवा पुन्हा पैसे घेतो. पहिला कारागीर आहे, दुसरा नुसता गडी. दोघांत फरक हाताचा नाही, ‘का?’ या एका अक्षराचा आहे. हा ‘का’ विद्यापीठातही शिकता येतो आणि कारखान्यातही. आणि दोन्हीकडे न शिकताही कागद मिळतो. कागद घेऊन आलेला पण ‘का’ न विचारणारा पदवीधर आणि नुसता गडी हे एकाच मापाचे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच. ते मुंबईस चित्रकला शिकायला गेले, पुढे तांत्रिक संस्थेत रेखनकला शिकवू लागले. हाती अभियंत्याची पदवी नव्हती. त्यांनी लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन नासते. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याच लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्येच्या संस्थेत शिकायला पाठवले, तो १९२६ साली तेथून पदवी घेऊन आला. बापाने हात थोर म्हणून मुलाला पदवीपासून अडवले नाही, आणि मुलाने पदवी आली म्हणून हात धुऊन टाकले नाहीत. दोन्ही विद्या एका घरात सुखाने नांदल्या.

आपल्याकडे त्या नांदाव्यात अशी जागा आहे, ती म्हणजे वारी. दिंडीत प्राध्यापक चालतो, त्याच्या पुढे गवंडी, मागे वायरमन. ट्रकचा पाटा तुटला तर मेकॅनिक माऊली खाली सरपटत जातो, आणि डॉक्टर माऊली त्याला कंदील धरतो. नीरेच्या पुढे सारेच एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. त्या वेळी कुणी विचारीत नाही, ‘आपले शिक्षण काय?’ मग आषाढीहून परत आल्यावर सोयरिकीच्या बैठकीत तोच प्रश्न पहिला का येतो? वारी पायांनी केली आणि मनाने केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी त्या मुलाचे. मी पुन्हा त्या गावी गेलो, आणि त्याच्या घरी जाऊन बसलो. बापाला म्हणालो, ‘मागं मी घाईनं बोललो. आता त्यालाच विचारू.’ मुलगा बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, ‘मला विजेचं शिकायचं. पण पुढं डिप्लोमा करायचा. नुसतं वायर ओढायचं नाही.’ त्याला शिडीची माहिती सांगितली. तो यंदा इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढचे त्याचे कष्ट आणि देवाची कृपा.

माझ्या धाकट्याशीही बोललो. त्याला काही सुचवले नाही. एवढेच म्हणालो, ‘बाळा, तू काहीही काम केलंस तरी या घराची मान खाली जाणार नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं.’ तो फोनवर गप्प राहिला. अजून पुण्यासच आहे, अभ्यास करतो आहे. त्याचे काय होईल मला ठाऊक नाही. पण या दिवाळीला तो चार दिवस जास्त राहिला, आणि पारावरही जाऊन बसला.

आमच्या सप्ताहात दरवर्षी काल्याच्या दिवशी गुणवंतांचा सत्कार होतो. दहावी-बारावीत पहिले आलेल्यांना, नोकरी लागलेल्यांना शेला-नारळ देतात. यंदा मी सप्ताहाच्या मंडळींना विनंती केली आहे की, त्याच रांगेत गावातला मोटार भरणारा, गवंडी आणि तो हळदीच्या कुकरचा वेल्डर यांनाही बसवावे, आणि त्यांना शेला माझ्या हाताने देऊ द्यावा. काहींनी मान डोलावली, काही हसले. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

॥ रामकृष्णहरि ॥